मटण आणायला मीच गेले होते

'ताई, मी 51 वर्षांची, नगर जिल्ह्यात आईबरोबर राहते. लग्न केलं नाही. वडील जाऊन 14 वर्षं झाली, तेव्हापासून आईचं सगळं मीच बघते. धाकट्याने वडिलांच्या हयातीतच आपला वाटा मागून घेतला, मुंबईत उडवला आणि मग फोनसुद्धा नाही. नाताळच्या तोंडावर तिचा मुलगा परत आला. एरवी मऊ भाताशिवाय काही न खाणाऱ्या आईने मला मटण आणायला पिटाळलं. पुढच्याच रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत उधळ्या पुत्राचा दाखला घेतला. मंडळी डोळे पुसत होती, मी रागाने थरथरत होते. आता आई म्हणते, घर अर्धं त्याच्या नावावर करून टाकू. "देवाने जगावर एवढी प्रीती केली" हे बायबलचं वचन मला लहानपणापासून पाठ आहे. त्या जगात मी येते का? – थोरली'

प्रिय थोरली,

येशूने सांगितलेली ही गोष्ट: धाकटा मुलगा बापाकडून वाटा घेऊन तो परदेशी उधळतो, कंगाल होऊन परततो, आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, मेजवानी घालतो. पाळकसाहेबांनी हा दाखला कुठे थांबवला ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं, ते जेवणावळीपाशी थांबले असतील. बहुतेक जण तिथेच थांबतात. झगा, अंगठी, पायात जोडे, पोसलेलं वासरू; रडायला एवढं पुरतं. पण लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायात त्यापुढे आणखी आठ वचनं आहेत, आणि ती तुमची आहेत.

थोरला दिवसभर शेतात होता. घराजवळ येतो तर आतून गाणंबजावणं ऐकू येतं. काय चाललंय ते त्याला गड्याला विचारावं लागतं. मला हाच तपशील सगळ्यात जास्त बोचतो. वासरू कापायला माणसं होती, पण भाऊ आलाय हे सांगायला शेतावर कुणी गेलं नाही. तुम्हाला निदान बाजारात तरी पाठवलं!

तो आत जात नाही. तेव्हा बाप बाहेर येतो. धाकट्यासाठी तो रस्त्यावर धावला होता, थोरल्यासाठी पंगत सोडून अंगणात आला. मूळ ग्रीक क्रियापदाचं रूप असं आहे की त्याने एकदाच विनंती केली नाही, तो विनवत राहिला. आणि थोरला त्याला काय काय ऐकवतो! इतकी वर्षं तुमची गुलामी केली, मित्रांबरोबर मौज करायला कधी करडूही दिलं नाहीत, आणि हा 'तुमचा मुलगा' आला तर वासरू कापलंत. भाऊ हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही. तुमच्याही पत्रात 'तिचा मुलगा' आहे, बघा.

यावर बाप त्याला कृतघ्न म्हणत नाही. 'बाळा' म्हणतो. तू कायम माझ्याजवळ आहेस, माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे, म्हणतो. धाकटा दूर दिसला तेव्हा बापाला कळवळा आला, असं लूक लिहितो. त्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी आतडी आहेत, आणि आतडं तुटणं म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. थोरल्याच्या वेळी तो शब्द येत नाही, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण बाप उठून बाहेर आला, हेही तिथेच लिहिलंय.

हा दाखला सांगितला कुणाला? पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून येशूवर कुरकुरणाऱ्या परूशी आणि शास्त्र्यांना, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मंडळींना. म्हणजे सगळ्या थोरल्यांना. त्याच अध्यायात आधी शंभरातलं एक मेंढरू हरवतं, ते रानात. मग दहातलं एक नाणं हरवतं, ते घरातच. त्याच्यासाठी बाई दिवा लावते, घर झाडते आणि सापडेपर्यंत शोधते. घरात राहूनही हरवता येतं. तेव्हा जगात तुम्ही येता की नाही, याचं माझं उत्तर त्या नाण्यापाशी आहे.

आता एक जरा कठीण गोष्ट. तुमच्या पत्रात आई आणि देव एकमेकांत मिसळून गेलेत. दाखल्यातला बाप अंगणात आला, तुमची आई अजून आलेली नाही. त्यावरून देवाचं मन ठरवू नका. बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 49व्या अध्यायात प्रश्न आहे, अंगावर पिणाऱ्या लेकराला आई विसरेल काय? आपण लगेच 'छे' म्हणतो. शास्त्र तसं म्हणत नाही. ते म्हणतं, कदाचित ती विसरेल, पण मी तुला विसरणार नाही. आयांच्या हातून चुकतं, हे शास्त्राने धरूनच ठेवलंय. आपल्याकडे मात्र ते मोठ्याने बोलायची चोरी आहे.

म्हणून आईशी बोला. थोरल्याने करडू हवंय हे आधी कधी सांगितलं होतं, असं दाखल्यात कुठे दिसत नाही. सगळं एकदमच बाहेर पडलं, तेही भर जेवणावळीच्या रात्री. तुम्ही तोवर थांबू नका. 'मलाही थकायला होतं, तू कधी विचारलं नाहीस', एवढं एक वाक्य तिच्या उशाशी बसून म्हणा. ती रडेल. रडू द्या.

आणि घराचं. प्रीती वेगळी, सातबारा वेगळा. बायबलमधल्या 'अनुवाद' या नियमशास्त्राच्या पुस्तकाच्या 21व्या अध्यायाप्रमाणे थोरल्याला दुप्पट वाटा मिळायचा, आणि दाखल्यात बापाने वाटणी सुरुवातीलाच दोघांत केली होती. धाकटा परतल्यावर ती पुन्हा झाली नाही. (वासरू मात्र थोरल्याच्याच वाट्यातलं गेलं म्हणायचं, तेव्हा त्याचा राग अगदीच बिनबुडाचा नव्हता.) आपल्याकडे ख्रिस्ती कुटुंबांना 1925चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. आईने मृत्युपत्र केलं नाही, तर मुलगा आणि मुलगी समान वाटेकरी, आणि हयातीत कुणाला काय दिलं ते वाटणीत धरलं जात नाही. घर आईच्या नावावर असेल तर ते कुणाला द्यायचं हा तिचा अधिकार आहे. पण आत्ता बक्षीसपत्र नको. एकदा नोंदणी झाली की ते फिरवणं फार अवघड. त्याऐवजी मृत्युपत्र करा, आणि तुम्हाला शेवटपर्यंत त्या घरात राहण्याचा हक्क त्यात स्पष्ट लिहून घ्या. दोन साक्षीदार हवेत. गावातल्या ओळखीच्या वकिलापेक्षा तालुक्याचा, भावाला न ओळखणारा बघा.

भावाला माफ करायचं का, हे तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून मीही सांगत नाही. थोरला शेवटी आत गेला की नाही हे लूकने लिहिलेलं नाही. तुम्हालाही घाई नाही. मात्र तोवर आईच्या रात्रीच्या गोळ्या आणि दवाखान्याची खेप भावाकडे द्या. आणि पुढच्या रविवारी मटण आणायला त्याला पाठवा, पैसे त्याच्याच खिशातले.

– तुमची ताई