वाचकांचे प्रश्न : जर्मन प्राथमिक शाळेत भाषा-सहायक

प्रश्न : मी जर्मनीत शिकते. इथल्या एका ग्रुंडशूलेत तिसरीच्या वर्गासाठी इंग्रजीची भाषा-सहायक म्हणून काम मिळालं आहे. कोणती तयारी करू?

उत्तर : वेळ खाणारी दोन कागदपत्रं आधी मिळवा. पहिलं, मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठीचा विस्तारित चारित्र्य-दाखला. त्यासाठी शाळेचं पत्र घेऊन बुर्गरआम्टमध्ये (नागरिकांच्या सरकारी कामांचं स्थानिक कार्यालय) अर्ज करायचा. शुल्क १३ युरो. पत्राशिवाय फक्त साधा दाखला मिळतो, त्यामुळे पत्र हाती आल्याशिवाय अपॉइंटमेंट वाया घालवू नका. दुसरं, गोवर. मार्च २०२० पासून लागू असलेल्या कायद्यानुसार, १९७० नंतर जन्मलेल्यांना कामावर रुजू होण्यापूर्वी लशीचे दोन डोस किंवा प्रतिकारशक्ती असल्याचा पुरावा द्यावा लागतो. लहानपणीचं कार्ड सापडत नसेल तर डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्या.

पहिल्याच भेटीत वर्गशिक्षिकेशी एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्या. गुण देणं आणि मुलांवर देखरेख ठेवणं ही जबाबदारी त्यांची. पाच-सहा मुलांचा गट तुम्हाला शेजारच्या खोलीत न्यायला सांगितला, तर कोणी पडलं-लागलं की काय करायचं हे आधी विचारा. पालकांच्या संमतीशिवाय मुलांचे फोटो काढू नका.

प्रश्न : मी इंग्रजीत विचारते, मुलं जर्मनमध्ये उत्तर देतात. मध्येच गप्पही बसतात. काय चुकतंय?

उत्तर : जर्मनमध्ये उत्तर आलं म्हणजे प्रश्न कळला, ही चांगली खूण आहे. तेच उत्तर इंग्रजीत म्हणून दाखवा आणि पुढे जा. 'इंग्लिशमध्ये सांग' असा आग्रह धरला की लाजरी मुलं तोंडच उघडत नाहीत. गप्प बसण्याचं कारण बहुधा शब्दांची गर्दी असते. ४५ मिनिटांच्या तासात सहा ते आठ नवे शब्द पुरेत. क्रम असा ठेवा : चित्र दाखवून शब्द तीन-चारदा ऐकवा, मग नुसतं बोट दाखवायला किंवा कृती करायला सांगा, त्यानंतर सगळ्यांनी एकत्र म्हणायचं, एकेकट्याची पाळी सगळ्यात शेवटी. लिखित शब्द त्याहीनंतर. आधीच फळ्यावर लिहिला तर मुलं तो जर्मन अक्षरांप्रमाणे वाचतात आणि तो उच्चार मग सुटता सुटत नाही.

प्रश्न : उच्चारांवर किती भर द्यावा?

उत्तर : भरपूर, पण चुका मोजून नव्हे. शाळेने तुम्हाला बोलावलंय ते मुलांच्या कानावर इंग्रजी पडावं म्हणून. जर्मनमध्ये शब्दाच्या शेवटचं घोष व्यंजन (ग, द, ब) अघोष (क, त, प) होतं, म्हणून 'डॉग'चा 'डॉक' होतो. 'वॉटर'मधला डब्ल्यू मुलं व्ही-सारखा म्हणतात. इथे मराठी माणसानेही जपायला हवं, कारण आपल्या एकाच 'व'मध्ये हे दोन्ही मिसळतात. डब्ल्यूला ओठांचा गोल, व्हीला वरचे दात खालच्या ओठावर. आधी आरशासमोर सराव करा, मग मुलांना दाखवा.

आकड्यांत मात्र मराठी मदतीला येते. आपल्या 'पंचेचाळीस'सारखं जर्मनमध्येही एकक आधी म्हणतात. म्हणून 'फॉर्टी-फाइव्ह' ऐकून मुलं ५४ लिहितात. दशक एका रंगात, एकक दुसऱ्या रंगात अशी कार्डं करा. कार्डांवर आकडे जर्मन पद्धतीने काढा : सातला मधोमध आडवी रेघ, एकला वरून तिरपा लांब फाटा. नाहीतर मुलं तुमचा सात एक समजून वाचतील.