बडोद्याहून यूकेला निघताना टॅक्सचं काय होतं, तू विचारलंस म्हणून

कारेलीबागेतला फ्लॅट भाड्याने देऊन, एफडी-पीपीएफ तसंच ठेवून, बायको आणि सात वर्षांच्या मुलीला घेऊन लेस्टरला यायचंय, तर टॅक्सचं काय होतं आणि सप्टेंबरात निघू की दिवाळी करून, असं तू विचारलंयस. ताई म्हणालास म्हणून अरेतुरे करते. व्हिसा, हेल्थ सरचार्ज, एनआय नंबर (इथल्या नोकरीला लागणारा नॅशनल इन्शुरन्सचा नंबर) हे सगळं सरकारी साइटवर नीट लिहिलेलं आहे, ते मी परत सांगत नाही. आम्ही दांडिया बाजारचे, 2021 ला इथे आलो, आणि तुझा प्रश्न वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाहीये, म्हणून जे कुठे लिहिलेलं नसतं ते लिहिते.

आधी एक भ्रम काढून टाक. तिकडे सगळे म्हणतात आता बारा लाखांपर्यंत टॅक्सच नाही. ते रहिवाशांना. ती सूट म्हणजे रिबेट आहे, बसलेला टॅक्स माफ करणं, आणि एनआरआयला रिबेट मिळत नाही, आपल्याला फक्त पहिले 4 लाख मोकळे, त्याच्या वर स्लॅब सुरू. समज तुझं भाडं महिना 25,000 आणि एफडीचं व्याज वर्षाला 3 लाख. भाड्यातून 30 टक्के स्टँडर्ड वजावट गेली की एकूण उत्पन्न 5 लाख 10 हजार, त्यावर खरा टॅक्स सेस धरून 5,720 रुपये. पण कापला किती जातो? भाडेकरूने 31.2 टक्के कापायचे, बँकेने एनआरओच्या (एनआरआयचं भारतातल्या कमाईचं खातं) व्याजावर तेवढेच कापायचे, म्हणजे दोन्हीकडे 93,600, मिळून 1,87,200 रुपये. मग रिटर्न भर आणि रिफंडची वाट बघत बस. आणि भाडेकरूला त्यासाठी टॅन नंबर, म्हणजे टॅक्स कापून भरणाऱ्याचा नंबर, काढावा लागतो, बिचाऱ्याला हे माहीतच नसतं, तो म्हणतो मी दर महिन्याला तुमच्या खात्यात टाकतोय ना मग अजून काय. करार करतानाच त्याला हे सांग आणि लेखी घे.

व्याजावरचे 30 टक्के भारत-यूके कराराने 15 वर येतात, पण त्यासाठी इथल्या एचएमआरसीकडून, म्हणजे टॅक्स खात्याकडून, तू इथला रहिवासी असल्याचं सर्टिफिकेट दरवर्षी आणून बँकेला द्यायचं. इथलं टॅक्सचं वर्ष 6 एप्रिलला सुरू होतं आणि आपलं 1 एप्रिलला. मधल्या त्या पाच दिवसांवरून आमच्या बँकेच्या ब्रँचमधल्या माणसाने सर्टिफिकेट परत पाठवलं, तारखा जुळत नाहीत म्हणून. दोन्ही देशांच्या तारखा कशा जुळतील रे, कायदाच वेगळा आहे, मी फोनवर हे सांगून सांगून थकले, शेवटी त्या वर्षी पूर्ण 30 टक्के कापले गेले. मग सही जुळत नाही, मग पासपोर्टची कॉपी अटेस्ट करून पाठवा. निघायच्या आधी स्वतः ब्रँचमध्ये जाऊन खातं एनआरओ करून घेता येईल तेवढं करून घे, नंतर इथून हे सगळं दहापट अवघड होतं.

आता इथली बाजू. एनआरई खात्याचं, म्हणजे परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या खात्याचं, व्याज भारतात टॅक्स फ्री असतं, म्हणून लोकांना वाटतं सगळीकडेच फ्री. तसं नाही. तू यूकेचा रहिवासी झालास की एनआरई असो, पीपीएफ असो, इथे ते उत्पन्नच. भारतातले म्युच्युअल फंड विकलेस तर बहुतेक वेळा नफा कॅपिटल गेन न धरता सरळ उत्पन्न धरतात, म्हणून जे विकायचंय ते निघायच्या आधी वीक. लपवायचा तर विचारच नको, दोन्हीकडच्या बँकांची माहिती आपोआप एकमेकांकडे जाते.

इथे मोठा बदल 6 एप्रिल 2025 पासून झाला. जुनी नॉन-डॉमची पद्धत (ज्यांचं कायमचं घर परदेशात त्यांना मिळणारी सवलत) बंद केली आणि त्याऐवजी नव्याने येणाऱ्यांना पहिली चार वर्षं परदेशातल्या उत्पन्नावर पूर्ण माफी दिली, अट एकच, आधीची दहा वर्षं तू यूकेचा रहिवासी नसायला हवास. तू त्यात बसतोस. आमची चार वर्षं तोपर्यंत संपलेली. पण घाईने ती माफी मागू नकोस. मागितलीस की त्या वर्षीचा इथला 12,570 पाउंडचा पर्सनल अलाउन्स, म्हणजे टॅक्स न लागणारी रक्कम, जातो, म्हणजे 20 टक्क्यांच्या स्लॅबमध्येही 2,514 पाउंड जास्त भरायचे. तुझं तिकडचं भाडं आणि व्याज मिळून साधारण पाच हजार पाउंड, त्यावर फार तर हजारभर टॅक्स. ते भरून मोकळा हो. दर वर्षी हिशोब कर, कारण माफी दर वर्षी वेगळी मागायची असते.

आणि घर. हे मला सांगायचंच होतं.

बाबा 2023 ला गेले. दांडिया बाजारचं घर माझ्या आणि भावाच्या नावावर आलं, निम्मं निम्मं. भाऊ पुण्यात. गेल्या वर्षी विकलं, आकडे सोपे करून सांगते, प्रत्येकाच्या वाट्याला 45 लाख, आणि 2001 ची किंमत प्रत्येकी 10 लाख धरली. जुलै 2024 च्या बजेटमध्ये इंडेक्सेशन (जुनी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) काढून 12.5 टक्के सरसकट केलं, त्यावर ओरड झाली, मग 23 जुलै 2024 च्या आधीच्या घर-जमिनीला जुना 20 टक्के इंडेक्सेशनसकटचा पर्याय परत दिला, पण फक्त रहिवाशांना. भावाची किंमत इंडेक्स होऊन 37 लाख 60 हजार झाली, नफा 7 लाख 40 हजार, टॅक्स 1 लाख 48 हजार. माझा नफा 35 लाख, टॅक्स 4 लाख 37 हजार, सेस वेगळा. एकच घर, एकच बाप, एकच दस्त. शिवाय भावाचा टीडीएस, म्हणजे खरेदीदाराने आधीच कापायचा टॅक्स, एक टक्का आणि माझा पूर्ण विक्रीच्या रकमेवर 13 टक्के, नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर, कारण कमी कापायचं सर्टिफिकेट मागितलेलं, ते वेळेत आलं नाही आणि खरेदीदाराला थांबायचं नव्हतं. यंदाच्या, 2026 च्या, बजेटने खरेदीदाराची टॅन काढायची कटकट 1 ऑक्टोबरपासून संपवलीय, त्याच्या पॅनवरच भरता येईल, तेवढं तरी बरं झालं. एप्रिलपासून 1961 चा कायदा जाऊन नवा आलाय, 819 कलमांची 536 झाली, भाषा सोपी केली म्हणतात, पण भावाबहिणीतला हा फरक तसाच आहे.

मला पैशाचं वाईट वाटतं असं नाही रे. भाऊ म्हणाला, तुझं जास्त गेलं ते मी भरून देतो. मी नको म्हणाले. पण बाबांच्या शेवटच्या वर्षात मी जेव्हा जमेल तेव्हा धावत गेले होते, आणि कागद सांगतो की ह्या घराशी हिचा संबंध कमी. ते अजून उतरत नाही घशाखाली.

माझ्या मुलीच्या शाळेचं सांगते, कारण तेही शेवटी टॅक्समुळेच झालं. वर्षाच्या मध्ये आलं की जवळच्या शाळेत जागा नसते, काउन्सिलने (इथली नगरपालिका) दोन बस बदलून जायची शाळा दिली. आठ वर्षांची मुलगी, रोज रडत. मग पोटाला चिमटा काढून एका खासगी शाळेत घातली, तिथे ती फुलली, व्हायोलिन शिकायला लागली. 1 जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅट लागला, तोही शाळेच्या वर्षाच्या मध्येच. सरकारचं म्हणणं त्यातून सरकारी शाळांना 6,500 शिक्षक देऊ. हेतू चांगला असेल, सरकारी शाळांची गरज मी स्वतः पाहिलीय. पण ते सप्टेंबरपासून करता आलं असतं, निदान वर्ष तरी पुरं झालं असतं. आमचं बजेट तेवढं ताणलं जात नव्हतं. डिसेंबरात तिला काढलं. ती काही बोलली नाही, फक्त व्हायोलिन परत कधी हातात घेतलं नाही. म्हणून घर बघायच्या आधी त्या भागातल्या शाळेत जागा आहे का ते काउन्सिलला विचार, ऑफिस लांब पडलं तरी चालेल.

एकटेपणाचं विचारलंस. येतो आणि सवय होते. लेस्टरात तर तुझ्या बडोद्याच्या गुजरातीवर अर्धं काम होईल, भाजीवाल्यापासून जीपीच्या, म्हणजे डॉक्टरच्या, रिसेप्शनपर्यंत. त्याची काळजी करू नकोस.

आता तारीख. नोकरीसाठी जाणाऱ्याला त्या वर्षात भारतात 182 दिवस भरायच्या आत निघायला हवं, म्हणजे 28 सप्टेंबरपर्यंत. त्यानंतर निघालास तर तू त्या वर्षाचा भारतातला रहिवासी, मार्चपर्यंतचा इथला पगारही तिकडे दाखवायचा, इथे भरलेला टॅक्स वजा मिळतो पण सुरुवातीच्या वर्षात इथला टॅक्स कमी बसतो, म्हणून वरचा फरक काही लाखांत जाऊ शकतो. सीए तुला सप्टेंबर सांगेल आणि हिशोबाने तो बरोबर आहे. आम्हालाही तेच सांगितलं होतं, आणि घरची दिवाळी त्यानंतर आम्हाला बाबांबरोबर मिळाली नाही, कारण शाळेची सुट्टी आणि दिवाळी क्वचितच जुळतात आणि सुट्टी न मागता मुलांना घरी ठेवलं तर दंड होतो.

तेव्हा तू असं कर. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकटा नीघ, नोकरी सुरू कर, शाळेची जागा पक्की कर. ऑगस्टअखेर 153 दिवस होतात, सप्टेंबरचे सात धरले तर 160. दिवाळी 8 नोव्हेंबरला आहे, दहा-बारा दिवस घरी जा, तरी 172 च्या पुढे जात नाहीस, आणि मग दोघींना बरोबर घेऊन ये. नव्या नोकरीत ती सुट्टी मिळणार का हे ऑफर स्वीकारायच्या आधी लेखी मागून घे, आणि तिकिटं, बोर्डिंग पास सगळं जपून ठेव, दिवस सिद्ध करायला तेच लागतात.