सोनीचा पीएसएक्स का चालला नाही? आणि जपानहून जुना मागवावा का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात तुमचे पैसे जायचे आहेत. पीएसएक्स म्हणजे टीव्ही रेकॉर्डर आणि सोनीचा प्लेस्टेशन 2 हा गेमचा कन्सोल, दोन्ही एकाच डब्यात. तो वापरायला म्हणून मागवू नका. यंत्र 100 व्होल्टवर चालतं, म्हणजे आपल्याकडे व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर आलाच. प्लेस्टेशन 2 चे गेम लागतात ते जपानी आवृत्तीचे. शिवाय आतली हार्ड डिस्क आता वीस वर्षं जुनी झालेली असते. संग्रहासाठी हवा असेल तर मात्र जरूर घ्या, मला हे यंत्र मनापासून आवडतं.

आता पहिला प्रश्न. 13 डिसेंबर 2003 ला पीएसएक्स जपानात विक्रीला आला, आणि जपानाबाहेर कधी गेलाच नाही. 160 जीबीचा 79,800 येनला, 250 जीबीचा 99,800 ला. हार्ड डिस्कवर टीव्ही रेकॉर्ड करायचा, डीव्हीडीवर उतरवायचा आणि त्याच डब्यावर गेम खेळायचे. पण गेम खेळणाऱ्या पोराकडे प्लेस्टेशन 2 आधीच होता. तो 2000 मध्ये आला तेव्हासुद्धा 39,800 येनच होता. म्हणजे गिऱ्हाईक उरलं ते रेकॉर्डर घ्यायला निघालेलं कुटुंब, आणि नेमकी रेकॉर्डरचीच बाजू लंगडी निघाली. बाजारात यायच्या तोंडावर सोनीने जाहीर केलेल्या काही सोयी गाळल्या. डीव्हीडीवर उतरवण्याचा वेग 24 पटींवरून 12 पटींवर आला, सीडी-आर, म्हणजे घरी उतरवलेली सीडी, वाजणार नाही असं सांगितलं, बाकीचं पुढे अपडेटमधून देऊ म्हणाले. एवढे पैसे मोजणाऱ्याला 'पुढे' कसं चालेल?

माझ्या मते खरं दुखणं मात्र ट्यूनरचं, म्हणजे टीव्हीचं प्रक्षेपण पकडणाऱ्या भागाचं होतं, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तारखा पाहा. टोकियो, ओसाका आणि नागोयात जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं 1 डिसेंबर 2003 ला. पीएसएक्स आला त्यानंतर बाराच दिवसांनी, तोही जुन्या अॅनलॉग प्रक्षेपणाचाच ट्यूनर घेऊन! जपानने 2011-12 मध्ये अॅनलॉग पूर्ण बंद केलं आणि त्या ट्यूनरला पकडायला काहीच उरलं नाही. गेमचा भाग आजही चालेल, पण ज्यासाठी जास्तीचे पैसे मोजले तो भाग त्याच डब्यात कायमचा बसवलेला.

तरीही त्याला निव्वळ फसलेलं यंत्र म्हणायला मी तयार नाही. आडव्या रांगेत विभाग आणि त्यांखाली उभी यादी, हा क्रॉस मीडिया बार मेनू पहिल्यांदा पीएसएक्सवरच दिसला. पुढे तोच पीएसपी या सोनीच्या हातात धरून खेळायच्या कन्सोलवर आणि प्लेस्टेशन 3 वर जगभर पोचला. तुम्ही प्लेस्टेशन 3 हाताळला असेल, तर पीएसएक्सचा मेनू तुम्हाला पाठच आहे.

रेकॉर्डिंगची कल्पनाही सोनीने सोडली नाही. 2010 मध्ये जपानात प्लेस्टेशन 3 साठी 'टोर्ने' आला, यूएसबीने जोडायचा वेगळा डिजिटल ट्यूनर. मला तीच रचना योग्य वाटते: ट्यूनर जुना झाला तर तेवढाच काढून ठेवायचा, कन्सोल चालूच राहतो.