अरब समाजात खुनानंतर 'सुल्हा' होते, म्हणजे पैसे घेऊन खून माफच ना? आपल्या जातपंचायतीपेक्षा हे वेगळं कसं?

"पैसे घेऊन खून माफ" हे वाक्य मराठीत इतक्या सहज लिहिलं जातं की दर वेळी वाचून चीड येते. सुल्हेत, म्हणजे मारणाऱ्याच्या आणि मृताच्या घराण्यांतल्या समेटात, पैसा सगळ्यात शेवटी येतो, आणि कधीकधी येतच नाही. आधी यावी लागते ती कबुली.

जॉर्डनचं बघा, तिथली पद्धत फार बांधीव आहे. खून झाल्यानंतरचे तीन दिवस आणि दिवसाचा एक तृतीयांश, म्हणजे ८० तास, याला 'फौरत अद-दम' म्हणतात. रक्ताची उकळी. या काळात मारणाऱ्याच्या नातलगांनी नजरेआड व्हायचं. मग तिसऱ्याच घराण्यांतली वजनदार माणसं, म्हणजे 'जाहा', मृताच्या घरी जाऊन 'अतवा' मागतात. अतवा म्हणजे मुदतीचा तह. पहिली फक्त सुरक्षेची. पुढची कबुलीची: आमच्या माणसाने मारलं, असं चारचौघांत मान्य करायचं. इथे शब्द गुळगुळीत केले की काम फिसकटतं. "वादात घडलं" म्हटलं की मृताकडचे उठून जातात.

सुल्हेच्या दिवशी जाहेच्या प्रमुखापुढे कडू कॉफीचा पेला ठेवतात. तो पीत नाही. मागणं मान्य होईपर्यंत कुणीच ओठाला लावत नाही. मृताच्या बाजूचा वडीलधारा मग मुद्दाम डोळे पांढरे होतील असा आकडा उच्चारतो, आणि लगेच एकेक हिस्सा सोडू लागतो: इतके अल्लासाठी, इतके पैगंबरासाठी, इतके राजासाठी, इतके या आलेल्या जाहेसाठी. काही वेळा पूर्ण रक्कम सुटते. मोठा आकडा गेलेल्या माणसाची किंमत सांगतो आणि सोडलेला हिस्सा घराण्याचं मोठेपण. ही घासाघीस नव्हे; घासाघिशीत आकडा समोरचा खाली आणतो, इथे मागणाराच आणतो. "कॉफी प्या" असं यजमान म्हणाला की मिटलं.

मग दोन जामीन नेमतात. 'कफील दफा' हमी देतो की मृताच्या बाजूने सूड घेतला जाणार नाही. 'कफील वफा' हमी देतो की कबूल केलेलं पुरं होईल. कुणी शब्द मोडला तर अपमान जामिनाचा. आपल्याकडे नाक कापलं जातं, तिथे 'चेहरा कापला' म्हणतात, आणि त्याची भरपाई वेगळी द्यावी लागते. म्हणून जामीन असा निवडतात की ज्याला दुखवायला दोन्ही बाजू धजणार नाहीत. नात्यातला किंवा निवडणुकीला उभा राहणारा जामीन घेतला की सुल्हा कच्ची राहते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे अतवेची मुदत वेळेत न वाढवणं.

सुल्हा झाली म्हणून कोर्ट टळत नाही. कुटुंबाचा हक्क वेगळा, सरकारचा वेगळा. सौदीत २०११ मध्ये 'दिया', म्हणजे भरपाई, चुकून झालेल्या मृत्यूला ३ लाख रियाल आणि जाणून केलेल्या खुनाला ४ लाख ठरली. पण जाणून केलेल्या खुनात कुटुंब कितीही मागू शकतं किंवा फुकट माफ करू शकतं. २०२४ मध्ये केरळच्या लोकांनी सौदीतल्या एका कैद्यासाठी ३४ कोटी रुपये उभे केले. देहदंड रद्द झाला, तरी तो लगेच घरी आला नाही. सरकारी हक्काचा खटला उरलाच होता.

जातपंचायतीशी तुलना करणाऱ्यांशी मी आजवर खूप वाद घातलाय. पंचायत आपल्याच माणसाला समोर उभं करून दंड ठोठावते. जाहा न्यायाला बसत नाही. ती दुसऱ्याच्या दारात याचना करायला जाते, आणि नकार मिळाला तर कॉफी तशीच ठेवून परत येते.

पण सगळं गोड नाही, हेही लिहायला हवं. 'जलवा', म्हणजे मारणाऱ्याच्या नातलगांना गाव सोडायला लावणं, पाच पिढ्यांच्या नात्यापर्यंत लागू व्हायची. शाळेतली पोरंही उठून जायची. हा मला सरळ अन्याय वाटतो. जॉर्डन सरकारने २०२१ मध्ये ती मारणारा, त्याचा बाप आणि मुलगे एवढ्यांपुरती आणली. इजिप्तमध्ये कॉप्ट ख्रिश्चनांवरच्या हल्ल्यांनंतर अशाच बैठकांत त्यांना तक्रारी मागे घ्यायला लावलं गेलं. दोन बाजूंचं बळ सारखं नसेल तर सुल्हा म्हणजे दडपण. जाहेत बायका जवळपास नसतातच. आणि इस्रायलमधल्या अरब गावांत आता टोळ्या सुपारी घेऊन मारतात. तिथे मारणाऱ्याच्या वतीने दारात उभं राहायला घराणंच पुढे येत नाही.

ओळखीचं कुणी सौदीत अशा प्रकरणात अडकलं असेल तर आधी आकडा विचारू नका. मृताचे वारस कोण ते शोधा. एका वारसाने माफ केलं तरी देहदंड टळतो. वारस अल्पवयीन असेल तर तो सज्ञान होईपर्यंत शिक्षा थांबते. माफी मागायला त्यांच्याच भागातला मान्यवर पाठवा, आणि टीव्हीवाल्यांना लांब ठेवा.