गिटार विकायच्या आधी एकदा मिरजेला ये

अरे,

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला आणि मी तो सकाळी दूध तापवताना वाचला, दूध उतू गेलं, ते जाऊ दे. "काकू, गिटार विकतोय, तीन महिने झाले एफ कॉर्ड वाजत नाही, आपल्याला नाही जमणार" एवढंच लिहिलंयस आणि खाली हसायचा इमोजी. त्या इमोजीवरूनच कळलं की तुला वाईट वाटलंय. मेसेज टाइप करायला गेले तर बोट दुखायला लागलं, म्हणून हे पत्रच लिहितेय, तुझ्या आईकडून फोटो काढून पाठवते.

पहिलं म्हणजे, तीन महिन्यांत न जमणारी गोष्ट विकायचा नियम असता तर आमच्या घरात काका पण राहिले नसते.

तुला माझा तंबोरा माहितीय. दिवाणखान्यात कोपऱ्यात गवसणीत उभा असतो, लहानपणी तुम्ही पोरं त्याला भूत म्हणायचात. तो मी 2001 ला बँकेतून व्हीआरएस घेतली तेव्हा आणला. सगळ्यांना वाटलं आता काकू गाणं शिकणार. मी पण क्लास लावला, चार महिने गेले, भूप रागाच्या आरोह-अवरोहापुढे गाडी सरकेना, आवाज म्हणजे पत्र्यावर पाऊस. बाईंनी काही बोलून दाखवलं नाही पण चेहरा बोलायचा. सोडलं. तंबोरा मात्र ठेवला, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी मी तो फक्त जुळवते, म्हणजे तारा सुरात लावते. गात नाही. काका अजून विचारतात, "झालं का जुळवून? मग आता गा की." वीस-पंचवीस वर्षं तोच जोक.

तुला वाटेल यात काय मजा. चार तारा, पंचम, दोन जोड आणि खर्ज. खुंटी पिळून अंदाजे जवळ यायचं, मग खाली मणी सरकवून नेमकं करायचं, मग मधल्या बोटानं पंचम छेडायचा आणि पुढच्या तीन तारा पहिल्या बोटानं. बहुतेक दिवशी नुसतं "बरं लागलंय" एवढंच होतं. पण एखाद्या दिवशी खर्ज असा लागतो की त्यातून गंधार, म्हणजे सा-रे-ग मधला ग, ऐकू येतो, जो कुठल्याच तारेवर लावलेला नाही. पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी उठून मागच्या खोलीत बघून आले की कोणी गातंय का. शपथेवर सांगते. त्यासाठी मला सात-आठ वर्षं लागली, आणि त्या गंधारचा कुणालाही काही उपयोग नाही, मला पण नाही.

आता तुझ्या गिटारचं. मागे व्हिडिओ कॉलवर वाजवून दाखवलीस तेव्हा एक तार पट्टीला घासून झ्झ् करत होती आणि तू वैतागून "हा बझ येतोय बघ" म्हणालास. गिटारवाल्यांच्यात तो दोष, बरोबर आहे. पण तू ज्या गावात वाढलास ना, तिथं शनिवार पेठेत सतारमेकर गल्लीत माणसं त्याच झ्झ् साठी हातात कानस घेऊन आयुष्य काढतात. त्याला जवारी म्हणतात. तारा जिच्यावर टेकतात ती घोडी वरून सपाट दिसते पण तिला अगदी किंचित उतार दिलेला असतो, तार सुटताना त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकते, म्हणून आवाज नुसता टण्ण होऊन विझत नाही, उघडतो आणि गुंजत राहतो. तारेखाली सुताचा दोरा घालतात तो पण त्यासाठीच, दोरा केसभर इकडं-तिकडं झाला की आवाज मेला.

माझ्या तंबोऱ्याची जवारी दर दोन-तीन वर्षांनी झिजून बसते, मग मी रिक्षात तंबोरा मांडीवर घेऊन त्या गल्लीतल्या चाचांकडं जाते, ते जवारी काढून देतात. तू एकदा माझ्याबरोबर आला होतास, सातवी-आठवीत असशील. आठवतंय का? चाचा कानस दोनदा फिरवायचे, तार छेडायचे, डोळे मिटून मान वाकडी करायचे, परत दोनदा. तास गेला. तू अजिबात कंटाळला नाहीस याचंच मला नवल वाटलं होतं. बाहेर तंबोऱ्यांसाठी वाळत घातलेले भोपळे बघून तू विचारलंस याची भाजी होते का, तर ते हसून म्हणाले की हा कडू भोपळा, पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतो, खायच्या कामाचा नाही. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे, पुढं लढाया संपल्या आणि धंदा बसला तर वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तेव्हा पेपरात मोठी बातमी होती, तू स्टेटसला पण ठेवली होतीस, "प्राउड मिरजकर". गल्लीत किती वर्षांत गेलाच नाहीस ते सोड.

टोमणा नाही हा. म्हणजे थोडा आहे.

मुद्दा असा की तुला कान आहे. 'सैराट' आला 2016 ला, तेव्हा गणपतीच्या मिरवणुकीत कमानींखाली सगळी पोरं झिंगाटवर नाचून घामाघूम, तू पण, आणि दुसऱ्या दिवशी तूच माझ्याकडं हेडफोन घेऊन आलास, म्हणालास काकू हे खालचं ऐका, व्हायोलिन किती आहेत बघा. मी तुला सांगितलं की पेपरात आलंय, तो वाद्यवृंद अमेरिकेत जाऊन रेकॉर्ड केलाय, तर तू तेच गाणं परत सहा वेळा लावलंस. सगळे वरचं गाणं ऐकत होते, तू खालचं ऐकत होतास. असली पोरं कमी असतात. त्यातल्या कितीजणांना एफ कॉर्ड जमतो मला माहीत नाही, आणि खरं सांगू, मला त्याच्याशी घेणं पण नाही.

तुझी गाडी अडली कुठं ते मला दिसतंय. पहिल्या महिन्यातच तू रील टाकलंस. वाजवायला लागायच्या आधी लोक बघायला लागले, मग त्यांच्यासाठी वाजवणं आलं, व्ह्यूज मोजणं आलं, ऑफिसात दिवसभर टार्गेट आणि घरी येऊन परत टार्गेट. तो ऑनलाइन कोर्स पण तसलाच, तीस दिवसांत दहा गाणी. तीस दिवसांत माझी खुंटी पण नीट फिरत नव्हती. काही दिवस कोर्स बंद कर, रील बंद कर, ते ट्युनरचं अॅप पण बाजूला ठेव, आणि रोज रात्री जेवल्यावर दहा मिनिटं नुसती गिटार जुळव. कानानं. रूममेट काय म्हणायचं ते म्हणू दे. पावसाळ्यात तारा उतरतात तेव्हा शिव्या पण घाल, मी घालते. गाणं वाजवावंसं वाटलं तर वाजव, नाही वाटलं तर पांघरूण घेऊन झोप.

आणि "मिरजेत काय आहे काकू, एक जंक्शन आणि हॉस्पिटलं" हे तू मागच्या दिवाळीत म्हणालास ते अजून माझ्या डोक्यात बसलंय. उरसाला ये एकदा. आपल्या मीरासाहेब दर्ग्यात चिंचेच्या झाडाखाली संगीत सभा असते, तिकीट नाही, लांबून आलेले गवई किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांसाठी हजेरी लावतात. खाँसाहेब 1937 ला गेले, तिथंच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. रात्री दोन-अडीचला अर्धे लोक सतरंजीवर आडवे, शेजारी कुणाचं तरी पोरगं झोपलेलं, चहावाला किटली घेऊन वाकून फिरतोय, आणि पुढं कोणीतरी दहा मिनिटं नुसते दोन तंबोरे एकमेकांशी जुळवतंय आणि कोणीही घड्याळ बघत नाही. मी दरवर्षी गाण्यापेक्षा त्या दहा मिनिटांसाठीच जाते, हे काकांना सांगू नकोस.

तोपर्यंत थांबायचं नसेल तर गिटार घेऊन या शनिवारी ये. चाचांचा मुलगा आता गिटारी पण दुरुस्त करतो, तार पट्टीला का घासते ते बघून देईल, कदाचित दोष तुझ्या बोटात नसून त्या लाकडात असेल. त्याला तुझ्या गिटारची झ्झ् काढायची आणि माझ्या तंबोऱ्याची आणायची, दोन्ही कामं एकाच दिवशी सांगू, तो पण हसेल.

महालक्ष्मी एक्स्प्रेसनं येणार असलास तर गिटार वरच्या बर्थवर तुझ्या उशाशी ठेव, खाली ठेवू नकोस, लोक अंधारात त्याच्यावर बॅगा टाकतात.

तुझी,
खालच्या मजल्यावरची काकू