कोरियन वाक्य मराठीतून उलगडताना

प्रश्न : ताई, मी मोबाइलवरच्या अ‍ॅपवर कोरियन शिकते आहे. शब्द पाठ होतात, पण वाक्य करायला घेतलं की गाडी अडते. मैत्रीण म्हणते, आधी इंग्रजी वाक्य मनात धरायचं आणि मग ते शेवटाकडून उलटं करायचं. ही पद्धत बरोबर आहे का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी

नाही. इंग्रजीला मध्ये आणूच नका. कोरियन वाक्य उलटं नाहीच, ते मराठीसारखं सरळ चालतं. कर्ता आधी, कर्म मग, क्रियापद शेवटी आणि प्रत्यय नामाच्या मागे. ज्या गोष्टी इंग्रजी पुस्तकांत ‘अवघड’ या सदराखाली येतात, त्यांतल्या निम्म्या आपण लहानपणापासून बोलत आलो आहोत. मी वर्गात हे पहिल्याच दिवशी सांगते, कारण अ‍ॅपवर शिकून आलेली मुलं नेमकी इथेच घाबरलेली असतात.

सोलच्या मेट्रोत दार उजवीकडे उघडणार असलं की स्टेशनाआधी घोषणा होते : ‘नेरिशिल मुनुन ओरुनच्चोगिम्निदा.’ आता हे एकेक करून सोडवू या. ‘नेरि’ म्हणजे उतरणं. ‘शि’ हा प्रवाशाला दिलेला मान. ‘ल’ म्हणजे आपला ‘-आयचं’. ‘मुन’ म्हणजे दार आणि त्याला लागलेला ‘उन’ म्हणजे आपण कशाबद्दल बोलतोय ते दाखवणारा प्रत्यय. ‘ओरुनच्चोक’ उजवी बाजू, ‘इम्निदा’ म्हणजे ‘आहे’, तेही अदबीने. एकामागोमाग एक ठेवा : उतरायचं दार उजवीकडे आहे. एकही शब्द जागचा हलवावा लागला नाही. हेच इंग्रजीतून करायला गेलात तर दार आधी येतं, उतरणं मागे जातं आणि मधे जोडशब्दांची रांग लागते.

‘उतरायचं’ या एका रूपापाशी थोडं थांबा, कारण खरा खजिना इथे आहे. मराठीत आपण ‘काल पाहिलेला सिनेमा’, ‘आत्ता बघत असलेला सिनेमा’, ‘उद्या बघायचा सिनेमा’ असं सहज म्हणतो. कोरियनमध्ये : ‘ऑजे बोन यॉंगह्वा’, ‘जिगुम बोनुन यॉंगह्वा’, ‘नेइल बोल यॉंगह्वा’. ‘न’ लागला की झालेलं, ‘नुन’ लागला की चाललेलं, ‘ल’ लागला की व्हायचं. धातू तोच, ‘बो’, म्हणजे बघणं. ‘जो, जी, जे’ची गरज नाही. शिवाय लिंग-वचनाप्रमाणे रूप बदलत नाही, त्यामुळे ‘पाहिलेला-पाहिलेली-पाहिलेलं’ ही आपली कसरतही वाचते.

दुसरा खजिना जोडक्रियापदांचा. ‘मॉगॉ बोसेयो’ म्हणजे ‘खाऊन बघा’. ‘मॉगॉ बॉर्यॉस्सॉयो’ म्हणजे ‘खाऊन टाकलं’. ‘स्सॉ जुसेयो’ म्हणजे ‘लिहून द्या’. ‘यॉरॉ नोआस्सॉयो’ म्हणजे ‘उघडून ठेवलं’. बघणं, टाकणं, देणं, ठेवणं, धातूसुद्धा तेच! ‘खाऊन टाकलं’मध्ये जी पुरता फडशा पाडल्याची, कधी हळहळीची छटा आहे, ती ‘बॉर्यॉस्सॉयो’मध्येही तशीच आहे. ती इंग्रजीतून समजावताना शिक्षकाला परिच्छेद लिहावा लागतो. मला हे साम्य फार मोलाचं वाटतं. मराठी माणसाने ते वापरलंच पाहिजे.

एक सावधगिरी मात्र हवी. आपला ‘-ऊन’ एकटाच सगळी कामं करतो, कोरियनमध्ये ती वाटलेली आहेत. ‘छिनगुरुल मान्नासॉ यॉंगह्वारुल ब्वास्सॉयो’ म्हणजे मित्राला भेटलो आणि त्याच्याबरोबर सिनेमा बघितला. ‘सॉ’च्या जागी ‘गो’ घालून ‘मान्नागो’ म्हटलं, तर आधी मित्राला भेटलो, ते काम झालं, मग सिनेमा बघितला. मित्र बरोबर होता असं त्यातून निघत नाही. ‘मित्राला भेटून सिनेमा बघितला’ या मराठी वाक्यात दोन्ही अर्थ मावतात. म्हणून वाक्य करताना विचारा : पहिल्या कामाचा धागा दुसऱ्यात चालू आहे का? असेल तर ‘सॉ’.

प्रश्न : ‘नुन’ आणि ‘गा’ दोन्ही कर्त्याला लागतात असं वाचलं. मग कोणता कधी लावायचा? कितीही सराव केला तरी अंदाजानेच लावतो.
– एक नोकरदार वाचक

अंदाज सोडा आणि आपला ‘तर’ आठवा. (हा ‘नुन’ वरच्या ‘बोनुन’मधला नव्हे, ‘मुनुन’मधल्या ‘उन’चंच दुसरं रूप.) दारावर टकटक झाली. ‘नुगा वास्सॉयो?’, कोण आलं? उत्तर : ‘मिन्सुगा वास्सॉयो’, मिन्सू आला. इथे नवी माहिती आहे ती ‘मिन्सू’, म्हणून ‘गा’. आता कुणी विचारलं, सगळे आले का? ‘मिन्सुनुन वास्सॉयो’, मिन्सू तर आला. बाकीच्यांचं काही खरं नाही, हे न बोलता ऐकू येतं. नुसती ओळख करून देतानाचा ‘जॉनुन’ इतका जोरदार नसतो, तो फक्त ‘आता माझ्याबद्दल’ एवढंच सांगतो. पण कुठे अडलात तर मराठीत ‘तर’ किंवा ‘मात्र’ घालून बघा. वाक्य शोभलं तर बहुतेक वेळा ‘नुन’ बरोबर निघतो. (व्यंजनानंतर हेच प्रत्यय ‘उन’ आणि ‘इ’ होतात, तो फक्त उच्चाराचा भाग आहे.)

याच धाग्यावर आणखी एक. ‘मला कॉफी आवडते’ या वाक्यात आवडणारी कॉफी आहे, क्रियापद तिच्यामागे चालतं. कोरियनमध्ये ‘जॉनुन खॉफिगा जोआयो’. ‘गा’ कॉफीला लागला आहे, बोलणाऱ्याला नाही. ‘मला वेळ नाही’ म्हणजे ‘शिगानि ऑप्सॉयो’, इथेही वेळच ‘नाही’. आपल्याकडे काही ‘असतं’ किंवा ‘नसतं’, आपण ते बाळगत नाही. कोरियनही तसंच बोलते. इंग्रजीतून येणारे इथे हमखास ‘रुल’ हा कर्माचा प्रत्यय लावतात आणि चुकतात. ‘रुल’ हवाच असेल तर क्रियापद बदलतं : ‘खॉफिरुल जोआहेयो’.

प्रश्न : मालिकांमध्ये एकच माणूस कधी ‘वास्सॉ’ म्हणतो, कधी ‘वास्सॉयो’, कधी ‘ओश्यॉस्सॉ’. अर्थ तर ‘आला’ एवढाच दिसतो. नियम काय?
– एक गृहिणी

वर्गातून एखादा मुलगा ओरडतो : ‘सर आले रे!’ यात दोन वेगळी माणसं सांभाळली आहेत. ‘आले’मध्ये सरांचा मान, ‘रे’मध्ये मित्राशी सलगी. कोरियनमध्ये नेमकं हेच : ‘सॉनसेंगनिमि ओश्यॉस्सॉ’. मधल्या ‘शि’ने सरांना मान दिला आणि शेवटी ‘यो’ नाही म्हणून ऐकणारा जवळचा आहे. हेच एखाद्या मोठ्या माणसाला सांगायचं असेल तर ‘ओश्यॉस्सॉयो’, आपलं ‘सर आले हो’. मित्र आला आणि सांगतोय मोठ्यांना, तर ‘छिनगुगा वास्सॉयो’. ज्याच्याबद्दल बोलतोय तो एक, ज्याच्याशी बोलतोय तो दुसरा. हे दोन वेगळे धरलेत की मालिकेतलं कुठलंही वाक्य तुम्हाला नात्यांची खबर देईल.

आईला आपण ‘तू’ म्हणतो ना, तसंच अनेक कोरियन घरांतही मुलं आईला विचारतात, ‘ऑम्मा, ऑदि गा?’ – आई, कुठे चाललीस? शेजारच्या आजींना मात्र ‘ऑदि गासेयो?’ स्वतःबद्दल बोलताना ‘शि’ कधीही लावायचा नाही. आणि काही क्रियापदं मान द्यायला पूर्णच बदलतात : झोपायला ‘जादा’, पण आजी झोपल्या तर ‘जुमुशिदा’; असायला ‘इत्ता’, पण आजी घरी असल्या तर ‘ग्येशिदा’. ही मोजकी आहेत, पाठच करून टाका.

तुम्ही मालिका बघता म्हणून एक वाक्य मुद्दाम देते. घरातून निघताना पात्रं म्हणतात ‘दान्यॉओगेस्सुम्निदा’. ते आपलं ‘जाऊन येते’ आहे. घरातून उत्तर येतं ‘दान्यॉओसेयो’, जाऊन या. नुसतं ‘जाते’ आपण जसं म्हणत नाही, तसंच.

प्रश्न : कोरियन शब्द वहीत देवनागरीत लिहिले तर चालतील का?
– शाळकरी वाचक

या सदरापुरते चालतील, वहीत नकोत. मी इथे ‘ऑ’ लिहिते तो स्वर जवळपास जातो, पण ‘मुनुन’मधल्या दोन ‘उ’कारांतला पहिला ओठ गोल करून आहे, दुसरा ओठ पसरून. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. राजा सेजोंगने 1443 साली तयार करून 1446 साली जाहीर केलेली हान्गुल लिपी कोरियन उच्चारांसाठीच घडवलेली आहे. आजच्या हान्गुलमध्ये मूळ व्यंजनं 14, मूळ स्वर 10. बाराखडी येणाऱ्या मुलाला व्यंजनाला स्वर जोडणं शिकवावं लागत नाही. आधी तीच शिक, शब्द नंतर.

प्रश्न : मराठीचा आधार कुठे दगा देतो?
– एक निवृत्त शिक्षक

फार चांगलं विचारलंत. जागेच्या प्रत्ययात देतो. ‘ग्रंथालयात आहे’ आणि ‘ग्रंथालयात अभ्यास करतो’, दोन्हीकडे आपला ‘-त’. कोरियनमध्ये नुसतं असणं ‘ए’ने : ‘दोसॉग्वाने इस्सॉयो’. तिथे काही करणं ‘एसॉ’ने : ‘दोसॉग्वानेसॉ गोंगबुहेयो’. माझे विद्यार्थी बाकी सगळं पचवतात आणि इथे महिनोन्महिने ठेचकाळतात. कर्माचंही तसंच. ‘पुस्तक वाचतो’मध्ये आपण प्रत्यय लावत नाही, कोरियनमध्ये ‘छेगुल इल्गॉयो’ असा ‘उल’ (व्यंजनानंतरचा ‘रुल’) येतो. बोलताना तो गळतो, पण लिहिताना ठेवावा.

संख्यांमध्येही जरा जपून. कोरियनमध्ये आकडे दोन प्रकारचे : देशी म्हणजे मूळ कोरियन आणि दुसरे चिनीतून आलेले. तास देशी आकड्यांत, मिनिटं चिनी वळणाच्या आकड्यांत : साडेतीन म्हणजे ‘से शि साम्शिप बुन’. पैसे चिनी वळणाच्या आकड्यांतच मोजतात, पण गट हजाराचा नाही, दहा हजाराचा, त्याला ‘मान’ म्हणतात. एक लाख वॉन म्हणजे ‘शिम्मान वॉन’, दहा मान. आपण तीन शून्यं सोडून हजार आणि पाच सोडून लाख वाचतो, तिथे चार शून्यं सोडायची सवय लावावी लागते. ‘इमान ओछॉन वॉन’ ऐकलं की दोन मान आणि पाच हजार, म्हणजे 25,000. दुकानातल्या किमतींच्या पाट्या मोठ्याने वाचणं हा यावरचा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला सराव आहे.