प्लासिबोला 'हातगुण' म्हणता येईल का?

प्रश्न असा आलाय की हार्वर्डचे प्लासिबो-संशोधक टेड कॅपचुक ह्यांच्या कामावर मराठीत लेख लिहायचाय, त्यात प्लासिबो (म्हणजे औषध नसलेली गोळी किंवा खोटा उपचार), प्लासिबो इफेक्ट (त्यानंही पडणारा आराम) आणि एम्पथी हे तीन शब्द पानोपानी येतात, तर पहिल्याला छद्मऔषध आणि तिसऱ्याला सहानुभूती लिहावं का, आणि मधल्याला आपला जुना 'हातगुण' चालेल का.

थोडक्यात सांगायचं तर छद्मऔषध नको, सहानुभूती तर अजिबातच नको, आणि हातगुण जरूर ठेवा पण त्याची जागा बदला. आता जरा लांबण लावतो.

आधी मूळ शब्द बघू. लॅटिनमधे प्लासिबो म्हणजे 'मी प्रसन्न करीन'. मध्ययुगात युरोपात मयतासाठी जी प्रार्थना व्हायची तिच्यात हा शब्द अगदी सुरुवातीला यायचा, आणि जेवणाखाण्याच्या आशेनं ज्यांचा मेलेल्याशी काही संबंध नाही असे लोकही येऊन तिथं सूर लावायचे, त्यामुळे प्लासिबो गाणारा म्हणजे खुशमस्कऱ्या असा अर्थ त्याला चिकटला. पुढे 18व्या शतकात डॉक्टरांनी तो उचलला. 1811 च्या एका इंग्रजी वैद्यककोशात अर्थ दिलाय तो साधारण असा, की रोग्याला फायदा होण्यापेक्षा त्याला बरं वाटावं म्हणून दिलेलं औषध. आपल्याकडे ह्याला चांगलं बोलीतलं वळण आहे, मन राखायला दिलेली गोळी. डिस्टिल्ड वॉटरचं इंजेक्शन, बी कॉम्प्लेक्सची गोळी, 'एक सलाईन तरी लावा ना डॉक्टर' हे सगळं त्यातलंच. आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नका, ब्रिटनमधल्या जीपी लोकांचा, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांचा, 2013 साली जेरेमी हॉविक ह्या संशोधकानं आणि मंडळींनी सर्व्हे छापला त्यात 97 टक्के डॉक्टरांनी कधी ना कधी असलं काहीतरी दिल्याचं कबूल केलं होतं. अर्थात शुद्ध साखरेची गोळी किंवा नुसतं सलाईन देणारे त्यात 12 टक्केच, बाकीचे म्हणजे व्हायरल सर्दीला अँटिबायोटिक वगैरे, औषध खरं पण ह्या आजारावर त्याचा उपयोग नाही.

आता छद्मऔषध का नको. छद्म म्हटलं की कपट आलंच, छद्मी हसणं आठवा. म्हणजे पेशंटला फसवलं तरच ती गोळी चालते असा अर्थ त्या शब्दात आधीच बसलेला आहे, आणि कॅपचुक ह्यांनी नेमका तोच समज मोडला. 2010 साली त्यांच्या टीमनं आयबीएसच्या, म्हणजे आतड्याच्या त्या चिवट त्रासाच्या, 80 पेशंटवर प्रयोग केला. अर्ध्यांना सरळ सांगून टाकलं की ह्या गोळीत औषध काही नाही, साखरेच्या गोळीसारखीच आहे, बाटलीवर पण प्लासिबो असंच लिहिलेलं, फक्त रोज दोनदा न चुकता घ्या. तीन आठवड्यांनी ह्या लोकांपैकी 59 टक्के म्हणाले की पुरेसा आराम पडला, आणि ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांच्यात 35 टक्के. आता ज्या बाटलीवर सगळं उघड छापलंय तिला तुम्ही छद्म कसं म्हणणार? प्लासिबोच लिहा. आपण टेबल आणि पेन पचवलेत, हा पण पचेल.

कॅपचुक हा माणूसही ह्या कामाला जरा आडवाटेनंच आला. ब्रुकलिनमधे जन्म, मग मकाऊला जाऊन चिनी वैद्यक शिकला, 1976 ला अमेरिकेत परत आला आणि केंब्रिजमधे, म्हणजे मॅसॅच्युसेट्समधल्या, अ‍ॅक्युपंक्चरचं क्लिनिक टाकलं. तिथं त्याच्या लक्षात आलं की काही लोकांना उपचार नीट सुरू व्हायच्या आतच बरं वाटायला लागतं. दुसरा कुणी असता तर बोर्डावर 'हमखास गुण' लिहून मोकळा झाला असता. हा उलट शंका काढत बसला की मग गुण सुईचा, का आणखी कशाचा. 1990 च्या सुमारास हार्वर्डच्या वर्तुळात शिरला, एमडी नसताना पुढे तिथं मेडिसिनचा प्रोफेसर झाला आणि 2011 पासून बोस्टनमधे प्लासिबोच्या अभ्यासाचं स्वतंत्र केंद्रच चालवलं.

तर आता हातगुण. ह्या शब्दासाठी त्यांचा 2008 चा प्रयोग नीट बघावा लागेल, कारण त्यात आपला शब्द जवळजवळ मोजलाय. पुन्हा आयबीएसचेच पेशंट, 262 जण, तीन गट. पहिला नुसता वाट बघणारा, त्याला उपचार काहीच नाही. दुसऱ्याला खोटं अ‍ॅक्युपंक्चर, म्हणजे नाटकातल्या खंजिरासारखी सुई, टोचल्यासारखं वाटतं पण पातं मुठीत सरकतं. ह्या गटाशी बोलायचं नाही, पाच मिनिटांत 'तुमची फाइल वाचली, काय करायचं ते मला माहितीये' एवढं सांगून कामाला लागायचं. तिसऱ्याला तीच खोटी सुई, पण आधी पाऊण तास गप्पा. त्यात काय करायचं ते लिहून ठरवलेलं होतं: प्रेमानं वागायचं, पेशंटचं वाक्य त्याच्याच शब्दात परत म्हणून विचारायचं, तुम्हाला किती त्रास होत असेल ते कळतंय असं बोलून दाखवायचं, नाडी धरून वीस सेकंद गप्प विचार करत बसायचं आणि बरं वाटेल असा भरवसा द्यायचा. पुरेसा आराम पडला म्हणणारे पहिल्या गटात 28 टक्के, दुसऱ्यात 44, तिसऱ्यात 62.

28 ते 44 हा जो फरक तो सुईच्या नाटकाचा, त्याला प्लासिबो इफेक्ट म्हणा. 44 ते 62 हा फरक मात्र गोळीचा नाही, सुईचा नाही, समोरच्या माणसाचा आहे, आणि आपण नेमकं ह्यालाच 'त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे' म्हणतो. संशोधक हे सगळं एकत्र धरून प्लासिबो इफेक्टच म्हणतात हे खरं, पण मराठीत आपल्याकडे आयता वेगळा शब्द आहे तर तो ह्या तुकड्यासाठी राखून ठेवावा असं माझं मत. म्हणून म्हटलं जागा बदला, पूर्ण प्लासिबो इफेक्टला हातगुण म्हणू नका.

एक अडचण आहे ती सांगतो. हातगुण आणि पायगुण ही भावंडं. पायगुण नव्या सुनेच्या माथी मारतात, तिनं काही केलं असो वा नसो, आणि हातगुणातही तोच भाव लपलेला आहे की हे उपजत असतं, एखाद्याच्या हाताला यश असतं, दुसऱ्याच्या नसतं, त्याला इलाज नाही. म्हणून तर पेरणीला अमक्याचाच हात लावतात. पण वरचा प्रयोग काय दाखवतो, तर हातगुणाची कृती लिहून देता येते, अगदी वीस सेकंद गप्प बसण्यापर्यंत. आणि आता इंग्लंडमधे लेस्टर विद्यापीठात वरचे हॉविकच एक केंद्र चालवतात जिथं भावी डॉक्टरांना हे शिकवलं जातं. त्यामुळे लेखात एकदा तरी लिहाच की इथं हातगुण म्हणजे दैवी देणगी नव्हे, शिकून येणारी वागणूक, नाहीतर वाचक भलतीकडेच जाईल.

आणि हातगुणाची कुंपणं पण सांगा. 2011 चा दम्याचा प्रयोग, त्यातही कॅपचुक होते. खरा इन्हेलर, खोटा इन्हेलर, खोटं अ‍ॅक्युपंक्चर, काहीच नाही असे चार प्रकार. फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद मोजली तर खऱ्या इन्हेलरनं 20 टक्के सुधारणा आणि बाकी तिन्हींनी 7 च्या आसपास. पण तुम्हाला कसं वाटतंय विचारलं तर खरा 50 टक्के, खोटा 45, सुई 46, काहीच नाही 21. म्हणजे 'बरं वाटणं' आणि 'बरं होणं'! मराठीत ही जोडी किती सहज आहे बघा, लेखात ती सोडू नका, प्लासिबोनं बरं वाटतं, श्वासनलिका काही उघडत नाही.

सहानुभूतीबद्दल. आपल्याकडे निवडणुकीत सहानुभूतीची लाट येते, नोकरी गेलेल्याला सहानुभूती मिळते, म्हणजे अरेरे बिचारा हा भाव. एम्पथी म्हणजे त्याच्या जागी जाऊन त्याला काय होतंय ते ओळखणं. हा इंग्रजी शब्दही फार जुना नाही बरं का, 1909 साली टिचनर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं जर्मनवरून घडवला. त्याला समानुभूती हा शब्द आता बऱ्यापैकी रुळलाय, तोच घ्या. कुणी चरकातलं कारुण्य सुचवेल, वैद्यानं मैत्री आणि आर्तांविषयी कारुण्य ठेवावं असं तिथं म्हटलंय ते सुंदरच आहे, पण ते कम्पॅशन झालं. आणि खरं सांगू का, जिथं जमेल तिथं नामच टाळा, 'डॉक्टरांनी आपुलकीनं विचारलं, ऐकून घेतलं' असं क्रियापदानं लिहिलं की समानुभूतीची गरजच पडत नाही.

लेखात नोसिबोही येणार असेल, म्हणजे अपाय होईल ह्या धास्तीनंच अपाय होणं, तर मी 'धसका' सुचवेन. 2022 साली कॅपचुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोविड लशींच्या 12 चाचण्या एकत्र तपासल्या, तर ज्यांना लस न देता नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं अशांपैकी पहिल्या डोसनंतर 35 टक्के लोकांनी डोकेदुखी, थकवा असलं काहीतरी नोंदवलं होतं. आता ह्यातलं सगळंच धसक्यानं झालं असं नाही, एरवीही डोकी दुखतातच, आणि धसका म्हटलं की मराठीत 'त्यानं धसकाच घेतला' असं जरा जास्तच भारी होतं, त्यामुळे पहिल्यांदा 'नोसिबो, म्हणजे एक प्रकारचा धसका' असं लिहा आणि पुढे नोसिबोच चालू द्या.